कानाची खाच

ऑक्सफर्ड
३ सप्टेंबर १९७८

प्रिय विल्फ,

परवा फोन तुझाच होता, असं घरमालकीणबाईंनी नंतर सांगितलं. "तुमचे भाऊ होते, ओरडत होते," म्हणाल्या. मी रिसीव्हर कानाला लावला, खरखर ऐकली आणि ठेवून दिला. रागावू नकोस. कानात घालायचं यंत्र घेतलंय, पण त्यातून शेजारच्या खोलीतला नळ ऐकू येतो आणि समोरचा माणूस येत नाही. तेव्हा यापुढे आपलं पत्रच बरं.

मी निवृत्त झाले तरी शब्दकोशवाल्यांची पाकिटं यायची थांबत नाहीत. या खेपेला 'स्किल' हा शब्द आलाय. तू म्हणशील, यात शोधायचं काय? ज्याचा हात चालतो त्याच्या अंगी स्किल, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तो अर्थ फार उशिरा चिकटलाय. हा शब्द आला होड्यांतून, उत्तरेकडच्या त्याच लोकांबरोबर, ज्यांनी आपल्या डोंगरांना आणि ओढ्यांना नावं दिली. आपली मेंढरंही त्यांनीच आणली असं वडील म्हणायचे, खरं असो की खोटं. त्या लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ होता फरक. दोन गोष्टी वेगळ्या करणं, हे कुठलं आणि ते कुठलं हे कळणं. हाताचा काही संबंधच नव्हता. ज्याला वेगळं कळायचं त्याला पुढे करताही यायचं, एवढंच. मग हळूहळू कळणं गळून पडलं आणि करता येणं तेवढं उरलं.

ज्या अर्थाने शब्द आता कुणीच वापरत नाही, त्या अर्थाच्या पुढे आम्ही एक बारीकशी कट्यार छापतो. हा मेला, असं सांगायला. या जुन्या अर्थाला ती लावायची की नाही ते मला ठरवायचंय.

म्हणून दोन गोष्टी विचारते. मेंढरं निवडताना तुमच्याकडे कुणी अजून हा शब्द 'ओळखून वेगळं करणं' अशा अर्थाने बोलतं का? आणि दुसरं माझ्यासाठीच हवंय. तू डोंगरावर उभा राहून ही माझी, ही परक्याची असं सांगतोस, तेव्हा नेमकं काय बघतोस? तोंड, चाल, काय ते सविस्तर लिही. इतकी वर्षं शब्द निवडले, पण हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

तुझी,
एटी


हाय ब्रॅकन
१७ सप्टेंबर

एटी,

शाईचं पेन सापडत नाही. पोत्यांवर नाव घालायचं जाड पेन हाताशी होतं, त्यानेच लिहितोय.

मेलेल्या अर्थाला कट्यार कशाला मारता? मेलाय ना तो. तुम्ही शिकलेली माणसं कशात गुंताल सांगता येत नाही.

मेंढी ओळखतो कशी हे कुणी विचारतं का? तू आईला कशी ओळखायचीस? तिचं तोंड तिचं होतं. मेंढीचंही तसंच. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

मॉस आता म्हातारी कुत्री झाली. डोंगराच्या अर्ध्यात बसते आणि माझ्याकडे बघते, आता घरी जायचं ना अशी. मी तिच्याहून दमलोय, पण मला बसता येत नाही. पुढच्या महिन्यात लिलाव, मग चुकलेल्या मेंढ्यांचा मेळा, मग एडके सोडायचे. एक झालं की दुसरं आहेच.

विल्फ


ऑक्सफर्ड
२४ सप्टेंबर

प्रिय विल्फ,

चार ओळी लिहिल्यास आणि एकेक अक्षर कोंबडीच्या अंड्याएवढं. कागद फुकट मिळायला लागला का तिकडे? आईला अक्षर दाखवलं असतं तर तिने पुन्हा लिहायला बसवलं असतं.

तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस. मला माहीत आहे, शिकलेल्या बहिणीला हे कळायचं नाही असं तुला वाटतं. खरंही आहे. तुला आठवतं? संध्याकाळी वडील भिंतीला टेकून उभे असायचे, ग्रे नॅबच्या डोंगरावरून कळप उतरायचा आणि ते पाइप न काढता म्हणायचे, "त्यात एक शेजारच्या डार्ग्यूंची आहे." उजेड नसायचा, अंगावरच्या खुणेच्या पट्ट्याचा रंग दिसायचा नाही, तरी बरोबर तीच निघायची. तू दहा वर्षांचा होतास तेव्हा तुलाही जमायला लागलं. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. म्हणून तू मला 'धुकं' म्हणायचास. घरभर ते नाव पडलं. मी शाळेची शिष्यवृत्ती घेऊन निघाले, तेव्हा 'धुकं उठलं' म्हणून तू हसला होतास, आणि मी गाडीत बसून रडले होते. आता त्याचं काही वाटत नाही. पण म्हणूनच विचारलं होतं.

कागद चाळताना एक गंमत सापडली. मधल्या काळात लोक 'त्याने काय स्किल?' असं विचारायचे. म्हणजे त्याने काय फरक पडतो? तेही आता कुणी बोलत नाही.

मॉरीन डार्ग्यूने नाताळात पाठवलेला आल्याचा केक परवा डब्याच्या तळाशी सापडला. अजून जसाच्या तसा आहे. त्याने खिडकी अडवून ठेवता येईल. तिला सांगू नकोस.

एटी


हाय ब्रॅकन
१५ ऑक्टोबर

एटी,

मॉरीनच्या केकबद्दल पुन्हा काही लिहू नकोस. का ते विचारू नकोस. ती बिचारी रोज सकाळी डोकावते, पत्र असलं तर फाटकापासून आणून देते.

लिलाव आटोपला. दरवर्षीसारख्या म्हाताऱ्या मेंढ्या खालच्या सपाट मुलखातल्या लोकांनी नेल्या. तिकडे गवत मऊ असतं, अजून दोन कोकरं देतात बिचाऱ्या. पण यंदा एक मजा झाली ती सांगतो, म्हणजे चारच ओळी लिहिल्या म्हणणार नाहीस.

अ‍ॅलन डार्ग्यूने माझी एक मेंढी विकत घेतली. म्हातारी, दात झिजलेली. डोंगरावरून उतरवलेली मेंढी परत त्याच डोंगरावर न्यायला विकत घेणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तिच्यावर बोली चालली होती, खालचा कुणी तरी घेणारच होता, तेवढ्यात अ‍ॅलनने हात वर केला. आणि करतच राहिला. पुकारणारासुद्धा थांबला.  मी मोठ्याने म्हटलं, "अ‍ॅलन, तुझ्या मॉरीनला विचारलंस का?" कुणी हसलं नाही. तो तिला गाडीत चढवून घेऊन गेला. त्याच्या बापाचं शेवटी डोकं गेलं होतं, याचंही सुरू झालं असावं. वाईट वाटतं. चांगला माणूस आहे.

थकलो. पाय नाही थकत, बाकी सगळं थकतं.

विल्फ


ऑक्सफर्ड
२० ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं.

अ‍ॅलन डार्ग्यूचं डोकं ठिकाणावर आहे. डार्ग्यूंनी कधी उगाच काही विकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. तू एकोणसत्तर वर्षांचा, बायको नाही, मूल नाही. आपल्या डोंगरावरचा कळप तिथेच जन्मतो. आई कोकराला दाखवते की इथवर आपलं. असा कळप एकदा उठवला की पुन्हा बसवता येत नाही, हे अ‍ॅलनला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तुझ्यानंतर हाय ब्रॅकन कुणाकडे जाईल हे तो आत्तापासून बघतोय. आज एक मेंढी, उद्या पाच, मग जमीन ज्यांची त्या इस्टेटवाल्यांना जाऊन सांगेल की निम्मा कळप माझाच आहे, जमीनही मलाच द्या. मॉरीन रोज डोकावते म्हणतोस, तीही उगाच डोकावत नाही. गोड बोलणाऱ्या शेजाऱ्याला जरा लांब ठेव. तू भोळा आहेस. वडीलही होते.

शब्दाचं काम रेंगाळलंय. तुझ्याकडून काही आलं नाही तर कट्यार लावून मोकळी होईन.

एटी


लो डार्ग्यू फार्म
२७ ऑक्टोबर

मिस रॉलिंग,

मी मॉरीन डार्ग्यू. तुम्हाला माझं पत्र कधी आलेलं नाही, त्यामुळे आधी घाबराल. विल्फ बरे आहेत. म्हणजे जेवतात, हिंडतात, कुत्रीवर खेकसतात.

तुमची पत्रं त्यांना मी वाचून दाखवते. वर्ष होऊन गेलं. त्यांना अक्षर दिसत नाही. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेकडेने तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार आणि यावर इलाज नाही. ते फक्त मला ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. मी कुणाला सांगितलं तर परत दारात उभं करणार नाही, अशी शपथ घातलीय. ती आता मोडतेय.

तुम्ही मेंढी ओळखतो कशी असं विचारलंत, तेव्हा ते खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, "पुढे वाच." पुढे काही नव्हतंच, सही होती.

आता त्या मेंढीचं. तिची आई वादळात गेली. मी तिला माझ्या चुलीपाशी बाटलीने दूध पाजून वाढवली. ऑगस्टात ती विल्फच्या कळपात मिसळून उतरली असणार. आमचा पट्टाही लालच, फक्त पाठीवर आडवा, आणि पावसाने तो पुसट झालेला. विल्फना लाल दिसलं, आपली समजून त्यांनी वर आपला ताजा पट्टा ओढला आणि लिलावात नेली. अ‍ॅलनने तिला रिंगणात बघितलं. कान आमचा, उजव्याला खालून खाच. दुसऱ्याची मेंढी विकणं म्हणजे काय, ते तुम्ही इथल्याच आहात, मी सांगायला नको. आमच्याकडे माणसाचं बाकी सगळं खपवून घेतात. अ‍ॅलनने बोंब केली असती तर विल्फ तिथेच संपले असते. म्हणून त्याने हात वर केला.

ते कान चाचपत नाहीत. कान चाचपणं म्हणजे नवख्याचं काम, असं आयुष्यभर म्हणत आले, आता चारचौघांत कसे चाचपतील? तीन मेळे झाले, मी त्यांच्या शेजारी उभी राहते. त्यांची मेंढी आली की म्हणते, "ती बघा, कशी लठ्ठ झालीय तुमची." मग ते 'माझी' म्हणून हाक देतात. यंदाही उभी राहीन.

तुमच्या गेल्या पत्रातला अ‍ॅलनबद्दलचा भाग मी वाचला नाही. खोकल्याचं निमित्त केलं आणि मधलं सगळं गाळून शब्दाच्या कामावर उडी मारली. तुम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे मी मनावर घेतलेलं नाही. थोडं घेतलं, पण आता गेलं.

त्यांना कळू देऊ नका. पुढच्या केकमध्ये पाणी जास्त घालीन.

मॉरीन डार्ग्यू


ऑक्सफर्ड
१ नोव्हेंबर

प्रिय विल्फ,

घाईत लिहितेय. हवा फार गार झालीय, तिकडे तर बर्फ पडायच्या बेतात असेल. यंदा मेळ्याला नाही गेलास तर काय बिघडेल? तुझ्या चुकलेल्या मेंढ्या अ‍ॅलन आणून देईल. त्याच्यावर सोड.

गेल्या पत्रात मी अ‍ॅलनबद्दल आणि मॉरीनबद्दल जे काही लिहिलं ते चूक होतं. मला लाज वाटते. ते विसरून जा.

तब्येत सांभाळ.

एटी


हाय ब्रॅकन
२६ नोव्हेंबर

एटी,

हे मॉरीन लिहितेय, मी सांगतोय. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, तेव्हा तिचं अक्षर बघून दचकू नकोस.

तू चाळीस वर्षं शब्दांत काढलीस, पण खोटं बोलायला शिकली नाहीस. मॉरीन वाचता वाचता 'जे काही लिहिलं ते चूक होतं' इथवर आली आणि थांबली. मी म्हटलं, काय लिहिलं होतं? ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, जुनं पत्र काढ आणि खोकल्याशिवाय वाच. वाचलं तिने. रडली. (रडले नाही. मॉ.) रडली.

मग मी विचार करत बसलो. डार्ग्यू माझ्या जमिनीवर टपलाय म्हणणारी एटी दहा-बारा दिवसांत त्याच्यावर सगळं सोडून दे म्हणते. आणि मेळ्याला जाऊ नकोस म्हणते. लंडनात बॉम्ब पडत होते तेव्हासुद्धा तू मला कुठे जाऊ नकोस असं लिहिलं नव्हतंस. मॉरीनला विचारलं नाही, ती खोटं बोलली असती आणि मला ते ऐकायचं नव्हतं. काठी घेतली, भिंत धरून खाली डार्ग्यूंच्या गोठ्यात गेलो. अ‍ॅलन होता. म्हटलं, "ती म्हातारी कुठे आहे, माझ्याकडून घेतलेली?" तो म्हणाला, "कशाला?" म्हटलं, "धर तिला." त्याने धरली. मी गुडघ्यावर बसलो आणि तिचा डावा कान हातात घेतला. सबंध होता. माझ्या मेंढीच्या डाव्या कानाला टोक नसतं. मग उजवा घेतला. खाली खाच, जुनी, कडा गुळगुळीत झालेली. त्याच्या हातची.

किती वेळ तो कान धरून बसलो ते सांगता येत नाही. अ‍ॅलन म्हणाला, "विल्फ, पाय भिजतायत तुझे."   घरी येऊन खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा वाटलं की आता पुरे.

मेळ्याला गेलो. मॉरीनला बजावलं, आज माझ्या शेजारी उभी राहायचं नाही. (मी खिडकीतून बघत होते. मॉ.) खाणावळीच्या मागच्या अंगणात नेहमीच्या दगडी कोंडी. चुकलेल्या मेंढ्या एकेक आणत होते, ज्याची त्याने हाक द्यायची आणि ओढून न्यायची. माणसांचे आवाज ऐकत उभा होतो. शेवटी एक उरली. कुणी हाक देईना. मला वाटलं मालक आला नसेल. मग लक्षात आलं, मालक नसला की लोक गप्पा मारतात. हे सगळे श्वास धरून उभे होते.

मी कोंडीत उतरलो. एटी, साठ वर्षांत मी लोकांसमोर मेंढीचा कान चाचपला नव्हता. बापाने सांगितलं होतं, कान बघावा लागला तर मेंढपाळ कसला. तिला भिंतीशी दाबली आणि डाव्या कानावरून बोट फिरवलं. टोक नव्हतं. म्हटलं, "माझी." मोठ्याने पुन्हा म्हटलं. मग तिथेच उभा राहून सांगितलं, "गेल्या महिन्यात मी अ‍ॅलन डार्ग्यूची मेंढी माझी म्हणून विकली. मला दिसत नाही. तीन वर्षं झाली, मला मेंढी ओळखता येत नाही."

जॉन्टी रेल्फ, माझ्या बापाच्या वेळचा म्हातारा, तिथे होता. मेळ्याचा पंच यंदाही तोच. तो म्हणाला, "ठाऊक आहे, विल्फ. सगळ्यांना ठाऊक आहे. बटाटे-मटणाचा हंडा गार होतोय, चल आत."

एवढंच. सगळे आत गेले, मला कुणी तरी बाकावर जागा करून दिली, ताट पुढे आलं. तीन वर्षं मी त्यांना फसवतोय असं समजत होतो. तेच मला सांभाळून घेत होते, अख्खं खोरं, आणि मी छाती काढून हाका देत होतो. हसले असते तर बरं झालं असतं. एकानेही हसू नये याचा मला राग आला, अजून आहे. ताट मात्र संपवलं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. तो शब्द तशा अर्थाने आमच्याकडे कुणी बोलत नाही. लाव कट्यार.

आणि ओळखायचो कसं ते. तू विचारलंस त्या दिवसापासून तेच आठवतोय, कारण आता आठवणच उरलीय. एकीची मान किंचित डावीकडे. एक उतरणीवर मागचा पाय आधी झटकायची. एक डायना मावशीसारखी, आत्ता तक्रार करणार असं तोंड. पण हे सगळं नंतर सुचलेलं आहे. तेव्हा मी काही बघतच नव्हतो. त्या वेगळ्या होत्या म्हणून वेगळ्या दिसायच्या. तुला सगळ्या सारख्या कशा दिसतात, हेच मला कळायचं नाही आणि मी तुला हसायचो. आता कळतं. समोर करडं करडं काही तरी हलतं आणि त्यात कुणीच नसतं. आता धुकं मी आहे, एटी.

कळप ग्रे नॅबवरच राहील. जनावरांसकट जमीन अ‍ॅलन बघणार, इस्टेटवाल्यांशी मीच बोललो. तो नको म्हणत होता. दोन रविवार लागले त्याला हो म्हणायला. घर मात्र माझ्याकडे राहील.

विल्फ


ऑक्सफर्ड
११ फेब्रुवारी १९७९

प्रिय विल्फ आणि मॉरीन,

इथे नळ गोठलेत, तुमचं काय झालं असेल याची कल्पना करवत नाही. वर्तमानपत्रात उत्तरेकडच्या डोंगरांवर बर्फाखाली गेलेल्या मेंढ्यांचं वाचते आणि पान उलटते.

शब्दाचं काम संपवून पाठवलं. छापील पुरावा लागतो, आणि जुन्या अर्थाचा शेवटचा पुरावाही फार म्हातारा निघाला. तुझं पत्र पुढे केलं असतं, पण मॉरीनच्या कंसांसकट ते कुणी मान्य केलं नसतं. मीच माझ्या हाताने कट्यार लावली. आयुष्यात अशा किती लावल्या त्याची गणती नाही, दुपारच्या चहाच्या आधी पाच-सहा लावून व्हायच्या. ही लावायला सबंध दिवस घेतला. तुझा चेहरा डोळ्यांपुढे होता, गोठ्यात गुडघ्यावर बसलेला. मी पाहिलेला नाही, तरी होता.

तू नोव्हेंबरात ते सगळं लिहिलंस तेव्हा मला लगेच उत्तर देता आलं नाही.  आता एवढंच लिहिते की तू मला 'धुकं' म्हणायचास त्याचं काही वाटत नाही असं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. पन्नास वर्षं वाटत होतं. तुझ्या त्या पत्रानंतर वाटायचं थांबलं, आणि त्याचंही मला वाईट वाटलं.

अ‍ॅलनला माझी माफी सांग. सरळ सांग, सारवासारव नको.

जूनमध्ये येते. मला ऐकू येणार नाही, तुला दिसणार नाही. मॉरीनने दोघांच्या मध्ये बसावं आणि केक आणावा, मी खाईन.

एटी


हाय ब्रॅकन
१३ मे १९७९

एटी,

बर्फाने बऱ्याच नेल्या. ज्या भिंतीच्या आडोशाला होत्या त्या जगल्या. मॉस मार्चमध्ये गेली, झोपेतच. फाटकाच्या आत पुरली. जूनमध्ये येशील तेव्हा तिच्यावरून चालू नकोस.

अ‍ॅलनला तुझी माफी सांगितली. तो म्हणाला, "बरं." आणि कुंपणाचा खांब ठोकत राहिला. हे त्याच्यासाठी पुष्कळ झालं.

काल कोकरांच्या कानांना खुणा करायच्या होत्या. डोंगरावर सोडायच्या आधी ते काम उरकावं लागतं, एकदा वर गेली की हाती लागत नाहीत. मी घरात बसलो होतो. जायचं नाही असं ठरवलं होतं. मेंढ्या आता अ‍ॅलनच्या, त्याच्या घरची माणसं आहेत. पण कोकरांचं ओरडणं बंद खिडकीतून येत होतं. माझे कान तुझ्यासारखे नाहीत, चांगले आहेत. शेवटी उठलो आणि भिंत धरून गेलो.

 अ‍ॅलनने ओंडका पुढे सरकवला, मी बसलो. त्याने एक कोकरू माझ्या मांडीवर दिलं आणि सुरी हातात ठेवली. मी आपला वाट बघत बसलो, कुठला कान कापायचा ते तो सांगेल म्हणून. तो बोलेना. कोकराची आई जवळच उभी राहून ओरडत होती, तिला मी आधी हाताने बघून घेतलं होतं. डाव्या कानाला टोक नव्हतं, म्हणजे माझ्या कळपातली.

तो बोलणारच नव्हता, एटी. मी डावा कान कापला असता तरी तो गप्प राहिला असता, पुढचं कोकरू दिलं असतं, आणि मी आहे तोवर वर्षानुवर्षं माझ्याच खुणेची कोकरं वाढवली असती. लिलावात हात वर केला तसाच. मॉरीन म्हणते, ती बाजूला उभी राहून माझ्या हातातल्या सुरीकडेच बघत होती. (खरं आहे. मॉ.)

ते गरम होतं आणि त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. डावा कान बोटांत धरला. मऊ, केळ्याच्या सालीएवढा जाड, टोकाला लव. आमच्या चार पिढ्यांनी हाच कान कापलाय. धरून ठेवला थोडा वेळ आणि सोडला. मग कोकरू फिरवून घेतलं, उजवा कान अंगठ्याखाली धरला आणि खालून खाच मारली.

"बरोबर बसली का?" मी विचारलं.

अ‍ॅलनने वाकून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाला.  मग त्याने ते खाली सोडलं. ते धावत आईकडे गेलं, आणि तिने हुंगून त्याला आपलं म्हणून घेतलं. मला ते दिसलं नाही, तिचं ओरडणं थांबलं त्यावरून कळलं.

त्याने पुढचं कोकरू माझ्या मांडीवर दिलं.

विल्फ